अडीच पृथ्व्यांएवढा डाग

टण्ण.

ओट्यावर पालथ्या घातलेल्या भांड्यांच्या ढिगातून एक वाटी आपसूक घसरली. मी श्वास रोखून दिवाणाकडे पाहिलं. माझ्या लेकीने, अस्मिताने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा गाढ झोपली. म्हणजे अजून चाळीस मिनिटं माझी आहेत. तेवढ्यात ही हकिगत लिहून टाकते. लोकांची आपापल्या परीने ती सगळ्या चौबे कॉलोनीत सांगून झालीच आहे, एकदा माझ्या बाजूनेही सांगितलेली बरी.

सूर्याच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही, असं मी त्या फेब्रुवारीपर्यंत कुणालाही सांगत असे. भाजीवाल्यालाही सांगितलं आहे. तांदळातला खडा सुटेल, नवऱ्याच्या शर्टावरचा पानाचा डाग सुटेल, पण सूर्यावरचा डाग या मंजिरीच्या नजरेतून सुटायचा नाही. आणि तो सुटला नाहीच. सुटला असता तर बरं झालं असतं.

रायपुरात तेलीबांध्याच्या तलावावरून जो रस्ता नव्या राजधानीकडे जातो, त्याच्या कडेला आमचं सौर निरीक्षण केंद्र. वेगळं राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण नवी राजधानी तेव्हा बरीचशी फलकांवरच होती. आमचं केंद्रही जवळजवळ तसंच. दोन खोल्या, रुळांवरून मागे सरकणारं पत्र्याचं छप्पर, एक दुर्बीण, मी आणि आमचे तंत्रज्ञ हिरालाल.

दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा एका पेटीत येते. पेटी लोखंडी कपाटाएवढी, आतून मिट्ट काळी, आणि तिच्या एका भिंतीला दुधी काच. आतल्या बाजूने त्या काचेवर ताटाएवढा सूर्य उमटतो. आपण तो बाहेरच्या बाजूने, बिनधोक बघायचा. रोज सकाळी नऊ वाजता मी त्या काचेवर बाहेरून पातळ कागद लावते, सूर्याचं वर्तुळ आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने गिरवते, मोजते, नोंदवहीत आकडा भरते आणि रेखाटन मुख्य कार्यालयाला मेल करते. मग दहा ते एक, येईल त्याला सूर्य दाखवते. सरकारी भाषेत याला संशोधन आणि लोकसंपर्क म्हणतात.

अडचण एवढीच होती, की त्या वर्षी सूर्यावर डागच नव्हते. दर अकरा वर्षांनी सूर्याला असा कोरेपणाचा झटका येतो. नोंदवहीत शून्य, शून्य, शून्य. माझ्या दहावीच्या गणिताच्या वहीतसुद्धा एवढी शून्यं नव्हती.

"मॅडम, आज फिर जीरो?" हिरालाल विचारायचे.

"हो."

"सूरज की तबीयत तो ठीक है ना?"

लोकांना कोरा सूर्य दाखवणं म्हणजे जेवायला बोलावून नुसतं घासलेलं ताट दाखवणं. जानेवारीत एकूण एकोणीस जण आले, त्यांतले सात पाणी प्यायला. मुख्य कार्यालयातून आमचे संचालक यशवंतराव यांची मेल आली. त्यांच्या मेल तारेसारख्या असतात: 'मार्चअखेर आढावा. प्रेक्षक नसल्यास केंद्रात कॅमेरा बसवून कुलूप लावावे काय? कळवावे.' माझं कंत्राटही एकतीस मार्चलाच संपत होतं. कुलपाची आणि माझी तारीख एकच.

ही नोकरी मला हवी होती. सूर्य मला आवडतो, हे एक. पण मुख्य म्हणजे नऊ ते एक वेळ, आणि कोपऱ्यात चटई टाकून चार वर्षांची मुलगी खडू घेऊन बसली तरी कुणी भुवई उंचावत नाही, अशी दुसरी नोकरी रायपुरात कुणी मला दाखवावी. अस्मिता त्या चटईवर बोलायला शिकली. तिचा पहिला स्पष्ट शब्द 'आई' नव्हता, 'जीरो' होता.

तेव्हा मी योजना आखली. अठ्ठावीस फेब्रुवारी, विज्ञान दिन, शनिवार. गुढियारीच्या एका शाळेची चाळीस मुलं बोलावली. हाताने लिहिलेले तक्ते लावले. पेटीत शिरून दुधी काच मी स्वतः आतून पुसून घेतली, कारण मागच्या वेळी हिरालालनी ती भक्तिभावाने खोबरेल तेलाने पुसली होती आणि आठवडाभर सूर्य तुपात पडल्यासारखा दिसत होता. पेटीत उकडत होतं. कपाळ पुसत, काच पुसत कशीबशी बाहेर आले, छप्पर मागे सरकवलं, मोटर चालू केली. ही मोटर दुर्बिणीला सूर्यामागे फिरवते, म्हणजे तो काचेवरून पळून जात नाही.

सूर्य काचेवर आला. आणि त्याच्यावर डाग होता.

एक. काळाभोर. वायव्येला. इतका गोल आणि इतका ठसठशीत डाग मी पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता. मी पट्टी काढली. मोजला, सहा मिलिमीटर. म्हणजे सूर्यावर अडीच पृथ्व्यांएवढा.

"हिरालाल, इकडे या."

हिरालालनी बघितलं, चप्पल काढली, हात जोडले. "आ गए," ते म्हणाले.

आता एक कबुली. डाग खरा की काचेवरचा कचरा, हे ओळखायची एक साधी तपासणी असते. मोटर बंद करायची. सूर्य सरकायला लागतो. डाग सूर्याबरोबर सरकला तर सूर्याचा, जागच्या जागी राहिला तर आपला. ही तपासणी मी दर खेपेला मुलांना शिकवते. त्या दिवशीही शिकवली, तक्त्यावर चित्र काढून शिकवली. फक्त केली नाही. बस दारात आली होती, आणि काच तर मी स्वतः पुसली होती ना, तासाभरापूर्वी.

मुलं खूश. एकाने विचारलं, "मॅडम, इसमें अपनी पृथ्वी गिर जाएगी क्या?" मी म्हणाले, "अडीच वेळा." मुलांसोबत आलेल्या बाई तर इतक्या भारावल्या, की त्यांनी तिथूनच आपल्या भावाला फोन लावला. भाऊ वार्ताहर होता.

अकरा वाजता मी मुख्य कार्यालयाला मेल केली. बारा वाजता उत्तर: 'इतर सर्व ठिकाणी शून्य. खात्री?'

इथे सुज्ञ बाईने मोटर बंद केली असती. मी लिहिलं: 'पूर्ण खात्री. रायपूरचे आकाश आज फार स्वच्छ आहे.'

पुन्हा उत्तर: 'डागाभोवती फिकट किनार?' खऱ्या मोठ्या डागाला ती असतेच.

'नाही सर. अगदी स्वच्छ कड. असाधारण डाग.'

यावर उत्तर आलं नाही. सर थक्क झाले असावेत, असं मी धरून चालले.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंनी दारातच अडवलं. माझ्या सासूबाई, गोदावरीबाई, मूळच्या वर्ध्याच्या. मुलाच्या रेल्वेतल्या नोकरीमागे रायपुरात आल्या, पण बोली वर्ध्याचीच राहिली.

"काहून वं, मोकळं कपाळ घेऊन गावभर फिरून राहिली?"

मी कपाळाला हात लावला. टिकली नव्हती. "घामात पडली असेल, आई."

"घे, हे लाव." त्यांनी कपाटातून पाकीट काढून एक टिकली माझ्या कपाळावर दाबली. "संक्रांतीच्या वाणात वाटली तीच हाय. पाडू नको आता. अन् ते सूर्याचं काय म्हणून राहिली होती फोनवर?"

मी सांगितलं. सासूबाईंना डागात रस नव्हता, पण तो सगळ्यात आधी सुनेला दिसला यात फार होता. त्यांनी शाल घेतली आणि कॉलोनीत सतरा घरं फिरून आल्या.

रविवारी सकाळी वर्तमानपत्रात आलं, सूरज पर विशाल धब्बा, रायपुर ने सबसे पहले देखा. साडेनऊला केंद्रासमोर रांग होती. साडेदहाला रांग आंब्याच्या झाडापर्यंत गेली. अकराला तिथे भुट्टेवाला उभा राहिला, आणि भुट्टेवाला उभा राहिला म्हणजे गोष्ट अधिकृत झाली. एका दिवसात दोनशे चाळीस माणसं. हिरालाल टोकन वाटत होते. चौबे कॉलोनीचं अख्खं महिला मंडळ घेऊन सासूबाई आल्या आणि रांग न लावता थेट काचेपाशी.

"हा पाहा. माह्या सुनेनं शोधला."

"गोदावरीबाई, हा जरा मारुतीसारखा दिसते का हो?"

"दिसते तं. शेपूट मागं गेली हाय, म्हणून नाई दिसून राहिली."

त्या गर्दीतच बाबाराव होते. शेजारच्या गल्लीतले, रेल्वेचे निवृत्त गार्ड, खिशात अजून शिट्टी. त्यांनी डाग नीट बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि विचारलं, "सूनबाई, हा असा इथंच राहते का?"

"नाही काका. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून डागही रोज थोडा पुढे सरकतो. हा मंगळवारी पार कडेला पोचेल."

"मंगळवारी." बाबारावांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं. "किती वाजता?"

मी हसले. ते हसत नव्हते.

सोमवारी सकाळी नऊला मी कागद लावला, वर्तुळ गिरवलं, डाग गिरवला. मग शनिवारचा कागद काढून त्यावर ठेवला. डागावर डाग बरोबर बसला. रविवारचा ठेवून डागाच्या मधोमध टाचणी टोचली. तोही बसला. तीन कागद, एक डाग, केसाचाही फरक नाही.

म्हणजे एक तर सूर्य फिरायचा थांबला होता, किंवा.

'किंवा'च्या पुढे मी गेले नाही. खोलीत माझ्याशिवाय फक्त अस्मिता होती, चटईवर पिवळा खडू संपवत. मी मोटरच्या बटणावर बोट ठेवलं. बाहेर हिरालालचा आवाज येत होता, "लाइन से, लाइन से, सबको दिखेगा." दोन दिवसांत पावणेतीनशेवर माणसं. मार्चचा आढावा. चटई.

मी बोट काढून घेतलं.

दहा वाजता बाबाराव हजर. डायरी उघडलेली. "सूनबाई, गाडी सुटलीच नाई वाटते."

"काही डाग जरा सावकाश सरकतात, काका."

"लेट हाय म्हणा ना. कितीनं लेट हाय, तेवढं सांगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाबाराव, रेल्वे सोडली, आता सूर्याले तरी सोडा." लोक हसले. मीही हसले, पण हसताना जबडा दुखला.

त्या संध्याकाळी फोन आला. यशवंतराव सर बोलत होते. ते फोन करत नाहीत, त्यामुळे आवाज ओळखायला मला वेळ लागला.

"मंजिरीबाई, तुमची तीन दिवसांची रेखाटनं पाहिली."

"हो सर."

"मी उद्या सकाळच्या गाडीने येतो आहे."

"सर, एवढ्यासाठी कशाला त्रास..."

"सूर्य थांबला असेल तर तो जिथे थांबला आहे तिथे जाऊन बघितला पाहिजे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी हे शेखरला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. तो जेवत होता. "सूर्य थांबला तं उद्या आम्हाले सुट्टी हाय का?" त्याने विचारलं. मग माझा चेहरा बघून ताटातली पोळी खाली ठेवली. "जाईल का नोकरी?"

"माहीत नाही."

"तू मोटर बंद करून पाहिली?"

त्याला ती तपासणी माहीत होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी त्याला शिकवली होती. मी त्याला भाजी वाढली. त्यालाही माझी बरीच माहिती आहे, त्यामुळे त्याने पुन्हा विचारलं नाही. अस्मिताची पाण्याची बाटली त्याने स्वतःच घासून भरून ठेवली.

मंगळवारी यशवंतराव सर आले. साठीच्या आतबाहेरचे, पांढरा शर्ट, हातात छत्री. ती ते उन्हासाठी वापरतात; आयुष्यभर सूर्य अभ्यासलेला माणूस आणि उन्हात उभा राहत नाही. खोलीत तेव्हा पंधरावीस माणसं होती. बाबाराव काचेपासून दोन हातांवर स्टूल घेऊन बसले होते, सासूबाई दाराशी, मंडळाच्या चारजणी त्यांच्या मागे.

सरांनी नमस्कार केला. काचेपाशी गेले. डागाकडे बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढला, चष्म्याशिवाय बघितलं.

"फार गोल आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"हिरालाल, मोटर बंद करा."

खट्.

सूर्य सरकायला लागला. अगदी सावकाश, रात्रीच्या जेवणानंतर शतपावलीला निघालेल्या माणसासारखा. डाग हलला नाही. सूर्य त्याच्याखालून जात राहिला. कडेला असलेला डाग मधोमध आला, मध्यावरून दुसऱ्या कडेला गेला. तीन दिवसांत जे केलं नव्हतं ते त्याने दीड मिनिटात केलं, तेही उलट्या दिशेने. शेवटी सूर्य त्याला मागे टाकून काचेबाहेर निघून गेला आणि खोलीत अंधार झाला.

अंधारात बाबारावांचा आवाज आला. "गाडी गेली. डबा राहिला."

हिरालाल पेटीचं छोटं दार उघडून आत वाकले. आत काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा कुणीतरी खिडकी उघडली होती. हिरालालनी तर्जनी पुढे केली. तिच्या टोकावर अडीच पृथ्व्या होत्या. मरून रंगाच्या, मखमली.

सगळ्यांनी आधी ते बोट बघितलं. मग माझं कपाळ बघितलं. मग पुन्हा बोट.

"ही तं माह्याच पाकिटातली हाय," सासूबाई म्हणाल्या.

आता यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. तोंड धुताना टिकली काढून न्हाणीघराच्या आरशाला कोण बाई लावत नाही? समोर काच दिसली, की हात आपोआप जातो. घामाने टिकली सुटायला आली, मी ती काढून सांभाळून लावून ठेवली आणि पुढचे चार दिवस तिचा व्यास मोजत बसले. उजेडासमोर मरून रंगही काळाच दिसतो, हे भौतिकशास्त्र. बाकीचं संस्कार.

महिला मंडळ मात्र नाराज झालं नाही. उलट चौघींपैकी एक हळूच म्हणाली, "म्हंजे आपलं हळदीकुंकू सूर्यापर्यंत पोचलं म्हणा की." सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की पुढच्या संक्रांतीला तिचं वाण गेलंच.

लोक पांगल्यावर सर नोंदवही घेऊन बसले. वेधशाळेच्या नोंदवहीचा एक नियम आहे. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकलेल्या नोंदीवर एक सरळ रेघ मारायची, खाली बरोबर आकडा लिहायचा, बाजूला कारण आणि सही. शंभर वर्षांनी कुणी वाचलं तरी काय चुकलं ते कळलं पाहिजे.

मी चार रेघा मारल्या. चार शून्यं लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'काचेवरील बाह्य वस्तू.'

सरांनी वाचलं. "कोणती?"

"सर..."

"कारण पूर्ण लिहावं, मंजिरीबाई."

मी लिहिलं: 'निरीक्षकाची टिकली.' चार वेळा. खाली चार सह्या. शंभर वर्षांनी कुणी वाचलं तर त्याची दुपार चांगली जाईल.

"सर, माझं कंत्राट," मी म्हणाले. विचारायचं तर तेव्हाच, नाहीतर गाडीपर्यंत धीर टिकला नसता.

त्यांनी छत्री गुडघ्यावर आडवी ठेवली. "चुकीची नोंद होते. माझ्या हातून माशी नोंदवली गेली होती, दोन दिवस. ते मी माफ करतो. पण सोमवारी तीन कागद एकमेकांवर ठेवून तुम्ही ते पाहिले. कागदांना टाचणीची भोकं आहेत." त्यांनी नोंदवही मिटली. "आणि मोटर बंद केली नाही."

कोपऱ्यात अस्मिता मोठ्या माणसांच्या आवाजावरून काहीतरी ताडून खडूंची डबी बंद करून बसली होती. सरांनी तिच्याकडे बघितलं, चटईकडे बघितलं.

"चार दिवसांत इथे सहाशे बारा माणसं आली," ते म्हणाले. "कुलूप लावायचं असं मला आता लिहिता येणार नाही. तुमचं कंत्राट वर्षभर वाढवतो. लोकसंपर्कासाठी. निरीक्षण हिरालाल करतील."

"मैं?" हिरालाल दाराशी होते.

"तुम्ही. तुम्ही टिकली लावत नाही."

"हव, साहब," हिरालाल म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पेन्सिलीला टोक करायला लागले. फार वेळ टोक करत होते.

बुधवारपासून सकाळी नऊला कागद हिरालाल लावतात. त्यांचं वर्तुळ माझ्यापेक्षा सुबक येतं. सांगताना त्रास होतो, पण येतं. त्या बुधवारी केंद्रावर कुणी आलं नाही. भुट्टेवालाही नाही. काचेवर सूर्य स्वच्छ, रिकामा, नेहमीसारखा. मी लोकसंपर्काचं रजिस्टर पुढे ओढलं. त्यात तारीख असते, आलेल्यांची संख्या असते, आणि शेवटचा एक रकाना असतो, 'काय दाखवले'. चार दिवसांचा तो रकाना गर्दीत भरायचा राहिला होता. आता माझं तेवढंच काम होतं.

अस्मिता येऊन माझ्या मांडीवर बसली. तिला अजून वाचता येत नाही, पण रिकामी जागा ओळखता येते. तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"यहाँ क्या लिखना है?"

"आपण लोकांना काय दाखवलं, ते."

तिने थोडा विचार केला. मग काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आई, मग एवढ्या लोकांनी क्या देखा?"